पोस्टाने सही मागवायची कशी, आणि आली की ती खरी आहे का ते बघायचं कसं

मला पोस्टाने आलेली पहिली सही छापील निघाली. आठवीत होतो, एका क्रिकेटपटूला पत्र टाकलं होतं, चार महिन्यांनी पाकीट आलं, आत चकचकीत फोटो आणि त्यावर काळ्या शाईत झोकदार सही. आईने ती फ्रेम करून हॉलमध्ये लावली आणि येईल त्या पाहुण्याला दाखवली. तीन वर्षांनी क्लासमधल्या एका मुलाकडे तोच फोटो बघितला, सही त्याच जागी, तेवढीच तिरकी, शेवटच्या अक्षराची शेपटी शर्टाच्या त्याच बटणावर येऊन थांबलेली. घरी येऊन आईला काही बोललो नाही.

म्हणून नवीन लोकांना आधी हे सांगतो. सही त्यांच्याच पत्त्यावरून आली म्हणजे ती त्यांनीच केली असं काही नसतं. बाजारातल्या खोट्या सह्या विकणारे बनवतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण घरबसल्या फुकट आलेल्या सहीवर कोणी संशय घेत नाही आणि तिथेच गंमत होते. पेन नक्की कोणाच्या हातात होतं, एवढा एकच प्रश्न आहे, बाकी सगळं त्यासाठीच करायचं.

या प्रकाराला जगभरचे संग्राहक टीटीएम म्हणतात, थ्रू द मेल. खर्च कमी, वाट बघणं जास्त.

कोणाला लिहायचं

सुरुवात सुपरस्टारपासून करू नका प्लीज. ज्यांच्याकडे पोतं भरून पत्रं येतात तिथे पत्र उघडणारा माणूस वेगळा, उत्तर पाठवणारा वेगळा, आणि स्टारच्या टेबलापर्यंत तुमचं पाकीट पोचायचा चान्स जवळपास नाहीच. रिटायर झालेले खेळाडू, हॉकीतले जुने ऑलिंपियन, चरित्र अभिनेते, लेखक, व्यंगचित्रकार, शास्त्रज्ञ, अशांना लिहा. त्यांना पत्रं कमी येतात आणि कोणीतरी आपली आठवण ठेवली याचं त्यांना खरंच बरं वाटतं.

अपवाद असतात. डॉन ब्रॅडमन निवृत्तीनंतर कित्येक दशकं ॲडलेडमध्ये बसून चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत होते, म्हणून एवढा मोठा माणूस असूनही त्यांची सही तशी दुर्मिळ नाही. उलट नील आर्मस्ट्राँगने १९९४ च्या सुमारास सह्या देणं बंदच केलं, कारण लोक त्या विकत होते आणि खोट्या पण बनवत होते. बीटल्स बँडचा ड्रमर रिंगो स्टार याने २००८ मध्ये व्हिडिओ काढून सांगितलं की २० ऑक्टोबरनंतर आलेल्या कशावरही सही करणार नाही, सगळं कचऱ्यात जाईल, वर पीस अँड लव्ह. ब्रिटिश राजघराण्यातली माणसं तर रिवाज म्हणूनच सही देत नाहीत, तिथून ऑफिसचं छान पत्र येतं, तेवढंच. त्यामुळे पत्र टाकायच्या आधी तो माणूस सध्या सही देतो का हे थोडं शोधा.

जर्मनीचं मला फार आवडतं. तिकडे ऑटोग्रामकार्टे नावाचा प्रकार आहे, पोस्टकार्डाएवढं फोटोचं कार्ड, फुटबॉल क्लब, नट, टीव्हीवाले सगळे खास सहीसाठी छापून ठेवतात. फोटो पण आपल्याला पाठवावा लागत नाही. पण काही कार्डांवर सही आधीच छापलेली असते, ते पुढे बघू.

पत्ता कुठला वापरायचा? प्रकाशक, क्लब, क्रीडा संघटना, नाटकाची संस्था, एजंटचं ऑफिस. लेखकाला लिहायचं तर पाकिटावर त्यांचं नाव, खाली द्वारा लिहून प्रकाशकाचा पत्ता. घरचा पत्ता कुठून मिळाला तरी तो वापरू नका आणि चुकूनही दुसऱ्यांना वाटू नका. तसा पत्ता फुटला की ती माणसं सही देणं बंद करतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पत्र

हाताने लिहा, एक पान, त्याच्यावर नाही. 'मी तुमचा सगळ्यात मोठा फॅन आहे' हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येक पत्रात असतं. त्याऐवजी तुम्ही स्वतः बघितलेली किंवा वाचलेली एक बारीक गोष्ट लिहा. मी एका नाटकातल्या अभिनेत्रीला साधारण असं लिहिलं होतं:

'आदरणीय ताई, सा. न. डिसेंबरात गडकरी रंगायतनला तुमचा प्रयोग पाहिला. दुसऱ्या अंकात फोन ठेवल्यावर तुम्ही काही न बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसता, तेव्हा शेजारी बसलेली माझी आजी हळूच म्हणाली, अगदी आपल्या थोरल्या काकूसारखी. सोबत दोन कोरी कार्डं आणि परतीचं पाकीट ठेवलं आहे. एका कार्डावर आजीच्या नावाने सही मिळाली तर तिला फार आनंद होईल. वेळ नसला तर काहीच हरकत नाही.'

सतरा दिवसांत आलं. आजीच्या नावापुढे 'यांना सप्रेम नमस्कार' आणि खाली सही.

नाव घालून सही मागायची ही युक्ती दुहेरी कामाची आहे. एक तर समोरच्याला कळतं की हा विकायला मागत नाहीये, आणि दुसरं म्हणजे छापील फोटोवर किंवा शिक्क्यावर तुमच्या आजीचं नाव नसतं. विकताना नाव असलेल्या सहीला भाव कमी मिळतो असं लोक म्हणतात, मिळू दे. परदेशी पत्र असेल तर ज्या नावाने सही हवी ते नाव वेगळ्या चिठ्ठीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर ज्ञानेश्वरचं काय होईल सांगता येत नाही. आणि एका पत्रात दोनच वस्तू, फार तर. आठ फोटो पाठवणारा माणूस दुकानदार वाटतो.

पाकीट आणि तिकिटं, इथे नवखे सगळ्यात जास्त चुकतात

दोन पाकिटं लागतात. बाहेरचं आणि आत घडी करून ठेवायचं परतीचं, ज्यावर तुमचा पत्ता पिनकोडसकट लिहिलेला आणि तिकीट लावलेलं. भारतातल्या भारतात सोपं आहे, साध्या पत्राला २० ग्रॅमला ५ रुपये हा दर बरीच वर्षं आहे, पण फोटो आणि कार्डं घातली की वजन सहज पुढे जातं, म्हणून भरलेलं पाकीट काउंटरवर वजन करून घ्या आणि परतीच्या पाकिटालाही तेवढंच तिकीट लावा. कमी लावलं तर जादा पैसे भरून पाकीट सोडवायला लागतं, आणि ते जाताना झालं तर तुमच्या आवडत्या कलाकाराच्या दारात पोस्टमन पैसे मागत उभा.

परदेशात पाठवताना परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट लावायचं नाही! मी पहिली तीन पत्रं अमेरिकेला अशीच पाठवली, गांधीजींची तिकिटं लावून, आणि एकही परत आलं नाही, येणारच नव्हतं. पत्र ज्या देशातून निघणार त्या देशाचं तिकीट लागतं. अमेरिकेसाठी ग्लोबल फॉरएव्हर नावाचं गोल तिकीट आहे, एका औंसापर्यंतचं म्हणजे साधारण २८ ग्रॅमचं पत्र त्यावर कुठल्याही देशात जातं आणि दर वाढला तरी ते चालतं. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला सांगून दहा-वीस आणवून ठेवा. पण आत कडक पुठ्ठा घातला किंवा मोठं पाकीट वापरलं की तिकडे जादा टपालखर्च लागतो, म्हणून मी ४ बाय ६ चा फोटो नाहीतर ३ बाय ५ चं जाडसर कोरं कार्ड पाठवतो, मोठ्या फोटोच्या नादाला लागत नाही.

ब्रिटनची जुनी तिकिटं कोणी स्वस्तात देत असेल तर जपून. राणीचं डोकं असलेली रोजच्या वापरातली बिनबारकोडची तिकिटं २०२३ पासून तिकडे चालत नाहीत, चित्रांची स्मारक तिकिटं मात्र चालतात. इंटरनॅशनल रिप्लाय कूपन म्हणून एक जुनी सोय आहे, १९०६ पासूनची, ज्याच्या बदल्यात समोरच्याला त्याच्या देशात तिकीट मिळतं. अमेरिकेने ती कूपनं विकणं २०१३ मध्ये बंद केलं. आणि खरं सांगू का, कुठलाही नट तुमच्यासाठी कूपन घेऊन पोस्टाच्या रांगेत उभा राहणार नाही.

तुमच्या पत्त्याखाली इंडिया हे मोठ्या अक्षरांत, शक्यतो अधोरेखित. पिनकोड विसरू नका, १९७२ साली आपल्या श्रीराम वेलणकरांनी एवढी सोय करून ठेवलीये. पाकिटावर 'फोटो आहे, दुमडू नये' असं लिहा, उपयोग निम्म्याच वेळा होतो, आमचा पोस्टमन तेच वाचत वाचत पाकीट ग्रिलच्या कडीत दुमडून अडकवतो.

वही ठेवा

कोणाला पाठवलं, कुठल्या पत्त्यावर, तारीख, आत काय काय होतं, उत्तर कधी आलं. पाठवायच्या आधी कोऱ्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढा, हे फार महत्त्वाचं, कारण नंतर आलेली वस्तू तुम्ही पाठवलेलीच आहे का हे त्यावरूनच कळतं. मी आता प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक नंबर टाकतो. एकदा माझं १४ नंबरचं कार्ड परत आलंच नाही, त्याऐवजी त्यांच्या ऑफिसचा सही असलेला फोटो आला, आणि तो छापील होता.

वाट किती बघायची? दहा दिवसांतही आलंय आणि एक उत्तर दोन वर्षं सात महिन्यांनी आलं, तोपर्यंत मी घर बदललं होतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जपून ठेवलं म्हणून मिळालं. स्मरणपत्र टाकू नका.

पाकीट आलं! आता हावरटासारखं फाडू नका

कात्रीने बाजूची कड कापा, तिकीट आणि शिक्का शाबूत ठेवून. पाकीट टाकून द्यायचं नाही, कधीच नाही. कुठल्या गावचा शिक्का, कुठली तारीख, हा तुमच्या सहीचा जन्मदाखला आहे. माणूस त्या तारखेला दुसऱ्या खंडात दौऱ्यावर होता आणि सही त्याच्या ऑफिसच्या गावातून आली, असंही होतं. सोबत आलेली चिठ्ठी असेल तर ती पण ठेवा.

आता टेबल लॅम्प लावा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं, ते स्वस्तात मिळतं. मी या क्रमाने बघतो.

आधी फोटो तिरका धरून उजेड त्यावर घसरू द्यायचा. चकचकीत फोटोवर मार्करची सही वेगळी चमकते, शाईचा थर वर बसलेला दिसतो, काळ्या शाईला कधी जांभळट-तांबूस झाक येते. सही आणि फोटो एकसारखे चमकले, जणू सही काचेखाली आहे, तर छापील समजा. मग भिंगातून बघा, छपाईचे ठिपके सहीच्या रेषेतही दिसले तर विषय संपला. हाताच्या रेषेत ठिपके नसतात, सलग शाई असते, आणि दोन रेषा एकमेकींना कापतात तिथे एक वर एक खाली असं दिसतं. कार्डावर बॉलपेनची सही असेल तर मागून हळूच बोट फिरवा, दाब लागतो.

रबरी शिक्का ओळखायला सोपा, रेषेच्या कडेला शाई गडद आणि मध्ये फिकट, दाब सगळीकडे सारखा, रेषा एकमेकींना कापतच नाहीत, नुसत्या चिकटलेल्या असतात.

इथवर सगळे शिकतात. खरा त्रास पुढच्या दोघांचा.

पहिला ऑटोपेन. हे मशीन आहे, त्याच्या हातात खरं पेन असतं आणि ते साच्यावरून सही काढतं. शाई खरी, दाब खरा, नुसतं भिंग खात्रीने काही सांगत नाही. अमेरिकन अध्यक्षांच्या ऑफिसात ते वापरलं गेलंय, १९६० च्या दशकातल्या नासाच्या अंतराळवीरांच्या पत्रव्यवहारातही. पकडायची एकच खात्रीची रीत, दुसरी सही शोधा आणि एकावर एक ठेवा. मोबाईलवर दोन्ही फोटो एकाच आकाराचे करून वरचा अर्धपारदर्शक करा. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत, तुमच्याच चेकवरच्या बघा, बँक अधूनमधून नाक मुरडतेच. दोन सह्या केसाएवढ्याही फरकाशिवाय जुळल्या तर मशीन. बाकी खुणा म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी पेन टेकल्याचा ठिपका, वळणावर बारीक थरथर, आणि सगळीकडे एकच दाब.

यात मोठमोठे फसलेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ५९९ डॉलरच्या, हाताने सही केलेल्या म्हणून विकलेल्या प्रती लोकांच्या घरी पोचल्या, सोबत सही खरी असल्याचं प्रकाशकाचं पत्र पण होतं. चाहत्यांनी आपापल्या सह्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि त्या सारख्याच निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले आणि डिलनने मशीन वापरल्याचं कबूल करून माफी मागितली. तिथे भिंगवाला एक्स्पर्ट लागला नाही, लोकांनी एकमेकांच्या प्रती ताडून बघितल्या, बस. म्हणून म्हणतो, तुमच्याकडे आलेली सही त्याच महिन्यात दुसऱ्या कोणाला आली असेल तर फोटो मागवा.

दुसरा म्हणजे सेक्रेटरी. जिवंत माणूस, खरं पेन, दर वेळी थोडी वेगळी सही, फक्त माणूस दुसराच. जीन हार्लो या जुन्या हॉलिवूड नटीच्या चाहत्यांना गेलेल्या बऱ्याच फोटोंवर तिच्या आईच्याच सह्या आहेत. बीटल्सचे रोड मॅनेजर चौघांच्याही सह्या ठोकायचे. इथे खात्रीचा नमुना लागतो, म्हणजे समोरासमोर घेतलेली सही. मराठी नाटकवाल्यांचं याबाबतीत बरं आहे, प्रयोग संपल्यावर मेकअप रूमपाशी थांबलं की माणूस समोर भेटतो, तुमच्या डोळ्यांदेखत सही करतो, तीच तुमची कसोटी. मॅचच्या वेळचे, पुस्तक प्रकाशनाचे सही करतानाचे व्हिडिओ पण चालतात, हात कुठून सुरू होतो, पेन कुठे उचलतो ते बघा.

तुलना करताना दोन्ही सह्या उलट्या करून बघा, डोकं खाली पाय वर. सरळ धरली की आपण नाव वाचतो, उलटी केली की नुसते आकार दिसतात आणि फरक टकाटक डोळ्यात भरतात. अक्षरांची उंची, दोन शब्दांमधलं अंतर, रेषेचा वेग. खरी सही धावती असते, शेवटी शाई विरळ होत जाते. नक्कल करणारा चित्र काढतो, म्हणून रेष जड आणि घाबरलेली येते. पण तुलना त्याच काळातल्या सहीशी करा हां, विशीतली सही आणि सत्तरीतली सही यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि देवनागरी सहीची तुलना इंग्रजी सहीशी करून काहीच कळत नाही.

जुन्या सह्या विकत घेताना

हा लेख पोस्टाचा आहे, पण छंद लागला की माणूस विकत घ्यायला जातोच. तेव्हा निदान पेनाचं वय बघा. बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानात मिळायला लागलं १९४५ मध्ये, त्यामुळे लोकमान्यांची बॉलपेनची सही कोणी दाखवली तर चहा पिऊन घरी या, टिळक १९२० मध्येच गेले. शार्पी मार्कर आलं १९६४ मध्ये आणि मर्लिन मनरो गेली १९६२ मध्ये. गांधीजींच्या सह्यांचे तर भरपूर किस्से ऐकायला मिळतील, ते हरिजन फंडासाठी सहीचे पाच रुपये घ्यायचे हे खरं, पण म्हणून प्रत्येक किस्स्याखालची सही खरी होत नाही. अल्ट्राव्हायलेट टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चकाकला तर तो बहुतेक १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून घालायचं रसायन तेव्हापासून वापरात आलं.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. सीओए म्हणजे खरेपणाचा दाखला कोणीही प्रिंटरवर छापू शकतो, खाली सोनेरी शिक्का असला म्हणून काही होत नाही. पीएसए, जेएसए, बेकेट या अमेरिकेतल्या तपासणाऱ्या कंपन्या नंबरचं स्टिकर देतात आणि तो नंबर त्यांच्या साइटवर बघता येतो. तो बघाच, आणि नंबरखाली लिहिलेली वस्तू तुमच्या हातातलीच आहे ना तेही बघा. शेवटी तेही त्या कंपनीचं मतच आहे. पोस्टाने आलेल्या साध्या कार्डासाठी तिकडे पाठवायचा खर्च सहीच्या किमतीच्या कितीतरी वर जातो, तुमची वही, पाकीट आणि आधीचा फोटो हाच तुमचा दाखला. अमेरिकेत एफबीआयने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑपरेशन बुलपेन नावाखाली खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा सापडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल होता. बेसबॉल!

जपायचं कसं

लॅमिनेशन करू नका. करू नका म्हणजे करू नका. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून सगळं लॅमिनेट करायची खोड आहे, पण गरम प्लास्टिक सहीला एकदा चिकटलं की सुटत नाही आणि नंतर तपासताही येत नाही. सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, मागे चिकटवायचा अल्बम नाही. वासाचं, मऊ पीव्हीसीचं पाऊच पण नको, ते काही वर्षांनी शाई ओढतं. पॉलिप्रॉपिलिनचे स्लीव्ह घ्या, आत ॲसिड नसलेला कागद, आणि फाइल उभी ठेवा.

कोकणात नाहीतर मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि ते गुलाबी पडलं की बदला. मी एक पावसाळा आळस केला आणि दोन कार्डांवर बुरशीचे पिवळे ठिपके आले, त्यातलं एक आजीचं. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर त्यात ठेवूच नका, ओल तिथूनच येते.

फ्रेम करायची हौस असेल तर फोटोची कलर कॉपी फ्रेम करा आणि मूळ आत ठेवा. मूळच लावायचं असेल तर काच आणि फोटोमध्ये पुठ्ठ्याची माउंट पाहिजे, नाहीतर दमटपणात फोटो काचेला चिकटतो, आणि उन्हाच्या भिंतीवर अजिबात नको, मार्करची शाई उडते. आमच्या हॉलमधली ती आठवीतली फ्रेम पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे, फोटो निळा पडलाय आणि सही अजून काळी कुळकुळीत. परवा आईच म्हणाली, शाई बघ कसली पक्की आहे.